इंग्रजीचा कॅप्टन

"नो, यू मे नॉट."

हे मी बोललो. मालक न्हाय, मॅडम न्हाय, सुपरवायझर न्हाय. मी. छातीवर लाल बिल्ला लावून, हात मागं बांधून, सगळ्या फेटलिंग शॉपपुढं उभा राहून मी बोललो. आणि बोललो कुणाला, तर बसाप्पा अण्णाला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. लघवीला जाऊ का, एवढंच विचारत होता.

इंग्रजीत विचारत होता. म्हणजे विचारायला बघत होता. "आय... मे... गो, सर," म्हणला. चुकलं. माणसं हसली. परत म्हणला, "मे गो आय." परत हसली. तिसऱ्यांदा तोंडातनं शब्दच फुटंना. गुडघे जवळ घेऊन नुसता माझ्याकडं बघत राहिला. साखरेचा आजार होता त्याला. दाबून धरता यायचं न्हाय. मला ठाऊक होतं की ते. किती वर्षं शेजारच्या मशीनवर काम केलेलं मी.

मॅडम माझ्या मागं मोबाईल धरून उभ्या. शूटिंग चाललेलं. वाक्य चुकलं तर कॅप्टननं काय म्हणायचं ते फळ्यावर लिहून ठेवलंतं. मी फळ्याकडं बघितलं आणि वाचलं.

"नो, यू मे नॉट. प्लीज ट्राय अगेन."

अण्णा वळला. मशीनपाशी गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. फेटलिंगला सगळ्यांचे कपडे धुळीनं राखाडी झालेले असतात. त्यावर ओलं लगेच काळं दिसतं. मांडीवरनं खाली, पार बुटापर्यंत ते काळं उतरलं. त्यानं ग्राइंडर चालू केला. पुढ्यात लोखंड नसताना. नुसता आवाज.

मॅडमनी मोबाईल खाली घेतला. "ओह," म्हणल्या. मग, "इट्स ओके, दादा. नेक्स्ट टाइम." आणि माझ्याकडं वळून, "गुड, कॅप्टन. यू फॉलोड द रूल."

मी "थँक यू, मॅडम" म्हणलो. हे पण सांगून टाकतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

फेटलिंग म्हणजे काय, ते ठाऊक नसणाऱ्याला सांगतो. फौंड्रीत भट्टीचं लोखंड साच्यात ओततात. साचा वाळूचा. थंड झाल्यावर जे निघतं त्याच्या अंगाला वाळू चिकटलेली असते, कडंला कंगोरे असतात. ते ठोकून, घासून गुळगुळीत करायचं म्हणजे फेटलिंग. सगळ्या फौंड्रीत धुळीचं असं काम दुसरं न्हाय. वाळूची धूळ, लोखंडाची धूळ. नाकात, कानात, भाकरीत. थुंकलं तर काळं. ऑफिसात आडनावं वेगळी आणि फेटलिंगला आडनावं वेगळी. असं कुणी कुठं लिहून ठेवलेलं न्हाय, पण जाऊन बघा की. ठेकेदारानं माझं आडनाव ऐकलं आणि पुढचं काही विचारलंच न्हाय. "जा, फेटलिंगला उभा रहा," म्हणला. बारावी पास हाय म्हणून सांगायला तोंड उघडलंतं, ते तसंच मिटलं.

मी मलकापूरकडचा. गावात समाजमंदिराच्या मागं आमची गल्ली. नववीत इंग्रजीच्या मास्तरनं मला उभं करून विचारलंतं, "तुला इंग्रजी शिकून काय साहेबाची गाडी धुवायची हाय व्हय रं?" वर्ग हसला. त्या रागात मी इंग्रजी पाठ केलं. सगळे काळ, सगळी क्रियापदं, कॅन, कुड, मे, मस्ट, शुड. रानात जाताना, पाणी भरताना, तोंडानं तेच. आई म्हणायची, "येडं झालंय पोरगं, एकटंच बडबडतंय." बारावीला कॉलेजात इंग्रजीत मी पहिला आलो. आपलं कोण ऐकत न्हाय ते आपल्याला इंग्रजी येत न्हाय म्हणून, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलंतं. इंग्रजी आलं की सुटलो. एवढा येडा विचार दुसरा न्हाय. पण ते कळायला मला नऊ वर्षं धूळ खायला लागली.

नऊ वर्षं ठेक्यावर. सात महिने भरत आले की ब्रेक. ब्रेक म्हणजे कागदावर काढून टाकायचं, पंधरा दिवस घरी बसवायचं आणि परत नवा माणूस म्हणून घ्यायचं. नऊ वर्षांचा माणूस दरवेळी नवा! ब्रेक संपून गेलो की गेटवर वॉचमनच्या बोटाकडं बघत उभा राहायचो. वॉचमननं यादी बघून "न्हाय बाबा तुझं नाव" म्हणलं तर काय? म्हणून कायम व्हायचं, एवढं एकच डोक्यात. बायको देवापुढं दुसरं काही मागायची न्हाय. सोनं नको, घर नको. "तेवढं कायम होऊ दे," म्हणायची.

आणि मग परदेशातलं गिऱ्हाईक यायचं ठरलं. मोठी ऑर्डर देणार होतं. पण आधी ऑडिट. पावणं स्वतः शॉपमध्ये येणार, स्वतः कामगारांशी बोलणार. ऑफिसात नुसती पळापळ. धाकट्या मालकांच्या मिसेस बाहेर देशात शिकून आलेल्या. त्यांनी ते काम अंगावर घेतलं. एका महिन्यात कामगारांना इंग्रजी बोलायला शिकवायचं.

मॅडम वाईट बोलायच्या न्हाईत, हे आधी ध्यानात घ्या. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला न्हाय. सगळ्यांना दादा, काका, मावशी. प्लीज लावल्याशिवाय वाक्य न्हाय. चाकावरचा पांढरा फळा धुळीतनं ढकलत आणायच्या आणि जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास शिकवायच्या. आम्ही "दे की रं ती पक्कड" म्हणणारी माणसं. त्या म्हणायच्या, "दादा, हे रूड होतं. कुड यू प्लीज, असं म्हणायचं." पहिल्या दिवशी तीनच शब्द. कॅन म्हणजे मला जमतं. मे म्हणजे परवानगी. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. मागनं कोण तर म्हणलं, "तिसरं आमाला पाठ हाय!" सगळी हसली. मॅडम पण हसल्या.

दुसऱ्या आठवड्यात काळ. रोज करतो ते आय वर्क. आत्ता करतोय ते आय अॅम वर्किंग. माणसं घोटाळत होती आणि मी मागनं पटापट सांगत होतो. मॅडमनी वळून बघितलं. "दादा, तुम्ही कुठे शिकलात?" आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हे विचारलं. मी फुगलो. खोटं कशाला बोलू, लई फुगलो. त्यांनी मला कॅप्टन केलं, लाल बिल्ला दिला. म्हणल्या, "ऑडिट नीट झालं ना, की तुमची कायमची ऑर्डर मी स्वतः काढून आणेन. प्रॉमिस." बायकोनं त्या रात्री बिल्ला हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला आणि कपाटात देवाच्या फोटोपाशी ठेवला. सकाळी तिथनंच काढून मला लावला.

मग कार्डं आली. प्रत्येकाला एक, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. इंग्रजी वाक्यं, लिहिलेली मराठी अक्षरांत. आय वेअर माय मास्क एव्हरी डे. आय कॅन स्टॉप वर्क इफ इट इज नॉट सेफ. नोबडी शाउट्स अॅट मी. आय अॅम हॅपी हिअर.

मी दोनदा वाचलं.

"मॅडम, मास्क कुठं हायत?"

"येतील ना, दादा."

"आणि ह्याचा अर्थ सांगू काय माणसांना?"

"अर्थ नको. कन्फ्यूज होतील. तुम्ही फक्त उच्चार करून घ्या."

अर्थ नको म्हणल्या आणि मी मान हलवली. चाळीस माणसांकडनं ती वाक्यं मी घोटून घेतली. साच्यात घालायचे वाळूचे गाभे करतात त्या कोअर शॉपातली एक मावशी विचारायली, "आय अॅम हॅपी म्हंजे काय रं बाबा? काय वंगाळ न्हाय न्हवं?" मी म्हणलं, "न्हाय मावशी. बरं चाललंय म्हणून सांगायचं." ती खोकत खोकत म्हणत राहिली. माझ्या डोळ्यापुढं फक्त ती कायमची ऑर्डर दिसायची. डोळ्यावर पट्टी बांधल्यागत मी शिकवत होतो.

पाठ होईना म्हणून मॅडमनी नियम काढला. ऑडिट होईपर्यंत पाणी प्यायला, लघवीला, लवकर घरी जायला, सगळं इंग्रजीत विचारायचं. कॅप्टनला विचारायचं. बरोबर विचारलं तर येस, चुकलं तर नो. "खेळ समजा," म्हणल्या.

त्या खेळात अण्णाचं जे झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

सुट्टी झाल्यावर मी सायकल स्टँडवर अण्णाची वाट बघत थांबलो. बसाप्पा अण्णा नृसिंहवाडीच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या हद्दीजवळचा. घरात कानडी, कामावर मराठी. मला तम्मा म्हणायचा. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. पहिल्या दिवशी ग्राइंडर कसा धरायचा, ठिणगी कुठल्या बाजूला काढायची, हे त्यानंच मला शिकवलं. तोंडाला रुमाल बांधायचा. त्या रुमालात रक्त पडायला लागल्यालं त्यानं फक्त मला दाखवलंतं. "कुनाला बोलू नको," म्हणलाता, "ब्रेक देत्याल, परत घेणार न्हाईत."

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हणलं.

तो कुलूप काढत होता. विजार वाळलीती, पण डाग तसाच.

"तम्मा, मला दोन भाषा येत्यात," तो म्हणला. "दोन्ही भाषेत मी आजवर कुनाला मुतायला इचारलं न्हवतं."

एवढं बोलला आणि सायकलवर बसून गेला. त्यापेक्षा कानाखाली जाळ काढला असता तर बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला अण्णा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. शाळेत जाणाऱ्या नातीकडनं घोटून आलाता. डोळे मिटून म्हणला, "मे आय गो टू द टॉयलेट, सर?" एक चूक न्हाय. मला सर म्हणला. मी "येस, यू मे" म्हणलं. बिल्ला उपटून भट्टीत टाकावा वाटलं. टाकला न्हाय. ऑडिट चार दिवसांवर आलंतं.

ऑडिटच्या दिवशी सकाळी सुपरवायझरनं शॉपमधलं कपाट उघडलं. नवे कोरे मास्क. प्लॅस्टिकच्या पिशव्या फोडून आम्हाला दिले. कसा घालायचा तेच कुणाला येईना. दोऱ्या कानामागं की डोक्यामागं? सुपरवायझर धावत धावत सगळ्यांच्या दोऱ्या बांधत होता. फरशी धुतलेली, फेटलिंगच्या निम्म्या मशीनी बंद ठेवलेल्या, धूळ कमी दिसावी म्हणून.

गोरं पावणं उंच, केस पांढरे. माणूस सभ्य वाटला. प्रत्येकाला मान झुकवून नमस्ते करत होता. अण्णापुढं थांबला. काय विचारलं ते अण्णाला कळलंच न्हाय. त्यानं मास्क खाली ओढला आणि कार्ड म्हणून दाखवलं. "आय वेअर माय मास्क एव्हरी डे. आय अॅम हॅपी हिअर." म्हणून झालं आणि खोकल्याची उबळ आली. वाकून खोकत राहिला. पावणं म्हणलं, "वंडरफुल." मॅडमचा चेहरा फुलला. अण्णानं तोंड पुसलं आणि रुमाल मुठीत दाबून धरला. मला दिसला तो.

मग पावणं माझ्याकडं आलं. बिल्ला बघितला. "आर यू हॅपी हिअर?" म्हणलं. आणि वर हसून, "स्पीक इन युअर ओन लँग्वेज. शी कॅन ट्रान्सलेट."

चार शब्दांचं काम होतं. आय अॅम हॅपी हिअर. चाळीस जणांना शिकवलेलं वाक्य. ते म्हणलं असतं तर आज मी कायम. पण ते वाक्य वर येईना. भलतंच बाहेर पडलं. मराठीत.

"पावणं, हे मास्क आज सकाळी वाटल्यात. तुमी गेला की काढून घेणार हायत. ह्या अण्णाच्या रुमालात रक्त पडतंय, मुठीत हाय बघा. आमच्याकडनं नुसतं पाठ करून घेतलंय, अर्थ बी कुनाला सांगितला न्हाय. आणि ते पाठ मीच करून घेतलंय."

मॅडमनी पापणीसुद्धा लववली न्हाय. हसतच पावण्यांकडं वळल्या.

"ही सेज ही लव्हज हिज वर्क, सर. ही इज टीचिंग ऑल द अदर्स."

मला ते कळलं. कळायला नको होतं, पण कळलं. मी इंग्रजी शिकलेला माणूस! माझ्या आधी किती जण असंच बोलले असतील, आणि त्यांच्या तोंडचं असंच बदलून पुढं गेलं असंल, आणि त्यांना पत्ता न्हाय. डोकं सणकलं. आयला, माझ्यासमोर? माझ्या तोंडावर?

"नो, सर," मी म्हणलं. "शी इज नॉट टेलिंग यू. दीज मास्क्स केम टुडे. एव्हरी डे वी ईट डस्ट. दिस मॅन इज कफिंग ब्लड. यू मस्ट सी हिज हॅंकरचीफ."

धड इंग्रजी. नववीच्या रागापासनं जमवलेलं सगळं त्या एका दमात बाहेर आलं. जीभ कुठंच अडकली न्हाय.

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं. मग अण्णाकडं. अण्णानं मान खाली घातलेली, मूठ आणखी घट्ट. पावण्यांचे डोळे निळे होते, आणि त्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की ह्याला कळलंय. शब्द न शब्द कळलाय. मला वाटलं, झालं. आता हा वही काढणार.

त्यानं हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "थँक यू फॉर युअर टाइम," म्हणला आणि पुढं गेला. कोअर शॉपमधनं मावशीचा आवाज ऐकू आला, "आय अॅम हॅपी हिअर." मग सगळी वर ऑफिसात गेली. चहा झाला, काजू झाले. तासाभरानं गाडी गेली. संध्याकाळी सुपरवायझरनं मास्क मोजून परत घेतले.

इतकी वर्षं मला वाटायचं, आपलं कोण ऐकत न्हाय कारण आपली भाषा त्यांना कळत न्हाय. त्यानं ऐकलं, त्याला कळलं आणि तो गेला. मग अडलं कुठं होतं? मास्तरनं मला त्या दिवशी खरं तेच सांगितलंतं म्हणायचं. नऊ वर्षांत ढसाढसा रडलो ते मी त्या संध्याकाळी, मुतारीच्या मागं उभा राहून.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन म्हणला, "तुझं नाव न्हाय बाबा. साहेब फोन करतील म्हणल्यात." चौथ्या दिवशी बोलावलं.

ऑफिसात मला खुर्ची दिली. नऊ वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसलो. समोर मॅडम. कडंला भिंतीपाशी अण्णा उभा. त्याला खुर्ची दिलेली न्हाय. टेबलावर दोन कागद.

"दादा, मला तुमचा राग नाही आला," मॅडम म्हणल्या. खरंच आला नसंल.

पहिला कागद माझी ऑर्डर. कायमची. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं छापलेलं. खाली मालकाची सही झालेली. तारीख तेवढी मोकळी. दुसरा कागद इंग्रजीत, माझ्या नावानं लिहिलेला. त्याचा अर्थ असा: मला इंग्रजी नीट येत नाही. घाईत माझा गोंधळ झाला व मी चुकीचे बोललो. कंपनी आम्हाला नेहमी मास्क देते. बसाप्पा यांना जुना दमा आहे. खाली साक्षीदार म्हणून अण्णाची सही आधीच झालेली. कानडीत, थरथरत्या अक्षरात.

"हा कशाला?" मी विचारलं.

"कस्टमरनं मागितलाय. त्यांच्या फाईलला लागतो. तुम्ही सही केली की तो विषय क्लोज होईल, आणि ही ऑर्डर तुमची."

म्हणजे पावणं ते विसरलं न्हवतं. गाडीत बसून त्यानं ते मिटवायचा कागद मागितला. सभ्य माणूस!

मी दोन्ही कागद परत वाचले. सावकाश. मॅडम थांबल्या. बायको आठवली, देवापुढं हात जोडलेली. पोरीची शाळा आठवली. मी पेन उचललंसुद्धा.

"कर तम्मा सही," भिंतीकडनं अण्णा म्हणला. "माझं काय, माझं झालं. तुझं तर होऊ दे."

त्यानं तसं म्हणलं आणि माझ्या हातातनं पेन गळलंच. ह्या माणसाच्या छातीवर पाय देऊन मी एकदा बिल्ला लावला. आता त्याच्याच छातीवर पाय देऊन कायम व्हायचं?

"मॅडम, ह्यात लिहिलंय की मला इंग्रजी येत न्हाय. मला येतं. मी बोललो ते समजून बोललो. अण्णाला दमा न्हाय, धूळ हाय. सही करत न्हाय मी."

"दादा, प्लीज."

"न्हाय."

त्यांनी ऑर्डर उचलली, खणात ठेवली आणि खण लावला. रागानं न्हाय, हळूच. "अॅज यू विश, दादा," म्हणल्या.

बाहेर आल्यावर मला वाटलं अण्णा पाठीवर हात ठेवील. त्यानं मला गेटपाशी गाठलं. चेहरा लाल झालाता.

"माझ्या रुमालाचं तू बोललास. सगळ्यांच्या म्होरं. आता मला बी काढत्याल. मला इचारलंतंस?"

बिल्लावाला असताना मी त्याच्यावर हुकूम सोडला, आणि खरं बोलणारा झालो तेव्हाबी त्याला न विचारताच बोललो. तो उत्तराची वाट न बघता आत गेला. ग्राइंडर बंद ठेवून चालणार न्हवतं.

बायकोनं दोन दिवस ताट नुसतं झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताट पुढं आपटून म्हणली, "खरं बोललासा न्हवं? आता ते खरं चुलीत घालू, का ताटात वाढू?" तिचं काय चुकलं? मी जेवलो.

ह्याला वर्ष होत आलं. मी आता गुळाच्या बाजारात हमाली करतो. दुसऱ्या फौंड्र्यांत जाऊन बघितलं. नाव सांगितलं की "कळवतो" म्हणतात. ठेकेदार एकमेकाला ओळखतात. मोठी ऑर्डर फौंड्रीला मिळाली. माझ्या जागी दुसरा कॅप्टन झालाय म्हणे, चांगलं बोलतो. मास्क कपाटातच हायत. चाळीस जणांतल्या एकानंबी काम थांबवलं न्हाय, आणि मी त्यांना नावं ठेवत न्हाय. कार्ड घोटून घेणारा मीच होतो.

अण्णाला त्यांनी काढलं न्हाय. काढलं असतं तर बरं झालं असतं, निदान धूळ तर चुकली असती. मागच्या महिन्यात त्याला मोठ्या दवाखान्यात नेला. फोटो काढला छातीचा. डॉक्टरनं विचारलं, "विडी ओढता?" बरोबर आलेला सुपरवायझर अण्णाच्या आधी म्हणला, "ओढतात की, लई." आणि तेच लिहिलं गेलं. अण्णानं जन्मात विडीला हात लावलेला न्हाय. नातीनं हे मला सांगितलं तेव्हा मी अण्णाच्या घरी गेलो. अंथरुणावर उशीला टेकून बसलाता. बोलताना मधी थांबत होता.

"अण्णा, ह्या बारीला विचारायला आलोय. तुमच्या छातीचं मी बोलू काय? कामगार ऑफिसात, दवाखान्यात, जिथं जमंल तिथं?"

त्यानं तोंड पुसून रुमाल उशीखाली सारला.

"मी हाय तवर नको," म्हणला. "पोराला तिथंच लावायचं कबूल केलंय त्यांनी, माझ्या जागी. मी गेलो की बोल."

त्याच मशीनवर. त्याच धुळीत. त्याचा पोरगा. मी "अण्णा, नको" म्हणलं, त्यानं डोळे मिटून घेतले. मी उठून आलो.

म्हणजे मला आता एका माणसाच्या मरणाची वाट बघायची हाय. असं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण आलंय. कायम व्हायचं माझं संपलं, तेव्हा माझ्याकडनं काढून घ्यायसारखं त्यांना काही उरलेलं न्हाय. अण्णा गेल्यावर कागदावर दमा लिहितील, विडी लिहितील, वय झालं लिहितील. हार घेऊन मॅडम स्वतः येतील. मी त्या दारात उभा असणार. तिथं सांगणार, मग कामगार ऑफिसात सांगणार, हाकलतील तिथनं परत येऊन फौंड्रीच्या गेटवर सांगणार, अण्णाच्या पोराच्या देखत. ऐकून घेणारी माणसं पेनाला टोपण लावून निघून जातील, हे मला पक्कं ठाऊक हाय. जाऊ देत. हा माणूस धुळीनं मेला, आणि ती धूळ कुणाची, ते मी नाव घेऊन सांगणार.